कृपुक कारखान्याचं टोपणनाव

जावातल्या सोलोच्या विद्यापीठात व्यवस्थापनाच्या पीएच.डी.वाल्यांना केस स्टडी शिकवायचं काम पाक कुंचोरोंकडे, म्हणजे कुंचोरो सरांकडे, होतं. ते इतकी वर्षं होतं, की वर्गातला पंखासुद्धा त्यांच्या बोलण्याच्या तालावर फिरायचा. ते वाक्य संपवून थांबले, की तोही दम खायचा. सांगणं नेहमी एकच. एखादी कंपनी धरा, तिच्या उंबऱ्यात बसा, आणि ती का जगते किंवा का मरते ते शोधा.

"केसच्या घरी चहा मिळेल, तो प्या," ते म्हणत. "पण साखर ढवळू नका. तुमचा चमचा पडला की तो चहा त्यांचा राहिला नाही."

विगाती ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. तिची मुदतवाढ संपत आली होती. या सत्रात प्रबंध मंजूर झाला नाही तर तिचं नाव कटणार होतं, आणि क्लातेनच्या कॉलेजातली नोकरीही जाणार होती. पण काळजीचं कारण नव्हतं, कारण तिची केस अगदी वेळेवर मरत होती. केस म्हणजे बू सारिंतेन या म्हाताऱ्या बाईंचा कृपुकचा, म्हणजे तळायच्या पिठाच्या पापड्यांचा, कारखाना. त्यांची कृपुक फुलायची बंद झाली होती. तेलात सोडली की तळाशी जाऊन रुसून बसायची, आणि झाऱ्यानं कितीही मनधरणी केली तरी वर यायची नाही. प्रबंधाचा विषय होता, एका जुन्या कारखान्याचे अखेरचे दिवस.

आता केस लिहायची तर कंपनीचं खरं नाव झाकावं लागतं. विगाती खोटं नाव शोधत खिडकीशी बसली होती. बाहेर सावरीची बोंडं उकलली होती आणि कापूस हवेत तरंगत कुठेतरी निघाला होता, कुठे ते त्यालाही ठाऊक नसावं. त्या कापसाला तिकडे कापुक म्हणतात. तिनं लिहिलं, 'कापुक'.

मग कुंचोरोंच्या शिस्तीप्रमाणे ती कच्चा मसुदा कारखान्यातल्या माणसांना वाचून दाखवायला गेली. दुसऱ्याच पानावर बू सारिंतेननी तिला थांबवलं.

"हा कापुक कोण ग?"

"तुम्हीच, बू. खरं नाव लपवायचं असतं आमच्यात."

"आमच्या कारखान्याचं नाव? कापुक?" म्हातारीनं तो शब्द जिभेवर ठेवून पाहिला. मग कपाळाला हात लावला. "अग बाई. आणि मी पीठ बदलत बसले."

जावात कुणालाही विचारा. मूल अंग धरत नसेल, सारखं किरकिरत असेल, तर त्याला नाव जड झालेलं असतं. ते उतरवून हलकं नाव ठेवायचं, तांबडी आणि पांढरी खीर करून शेजारीपाजारी वाटायची, की मूल हसायला लागतं. खुद्द बू सारिंतेनना जन्मल्यावर कुठल्याशा राणीचं नाव दिलं होतं. त्या नावापायी त्या पायावर उभ्याच राहिनात. सारिंतेन म्हटल्याबरोबर अशी धूम ठोकली, की बाजारातून धरून आणावं लागलं. अशा बाईच्या नवऱ्यानं कारखान्याचं नाव ठेवलं होतं 'चोक्रो बुवोनो जोयो', म्हणजे त्रिभुवन जिंकणारं चक्र. पिठाच्या पापडीनं ते पेलायचं तरी कसं?

त्याच संध्याकाळी खीर वाटली गेली.

सकाळी कृपुक फुलली, आणि फुलतच राहिली. तेलातून निघून ती झाऱ्यात थांबेना. वाळत घातलेली कच्चीसुद्धा सुपांसकट उचलली जायला लागली. बायकांनी वरून मच्छरदाण्या टाकल्या, तर मच्छरदाण्या हळूच उभ्या राहिल्या. एक सूप नदीपलीकडे उतरलं, ते पलीकडच्यांनी अजून परत केलेलं नाही. गल्लीवर पांढुरकी कृपुक इतकी संथ तरंगत होती, की स्कूटरवाले आपोआप सावकाश जाऊ लागले आणि माणसं हलक्या आवाजात बोलू लागली, शेजारी कुणी झोपलेलं असावं तशी.

विगाती पडलेल्या चेहऱ्यानं कुंचोरोंकडे आली.

"पाक, माझी केस बरी झाली."

"छानच की."

"प्रबंध मेला ना पण."

कुंचोरोंनी चष्म्यावरून पाहिलं. "चमचा?"

"पडला, पाक. टोपणनावाचा."

कुंचोरो स्वतः बघायला गेले. मास्तराला साजेसं त्यांनी आधी प्रत्येक दुसरं कारण तपासलं. पीठ खिरीच्या आधीचंच होतं. तेल तेच होतं. ऊन तर बू सारिंतेनच्या म्हणण्याप्रमाणे आजोबांच्या वेळेपासून तेच होतं. तेवढ्यात एक कृपुक येऊन त्यांच्या खांद्यावर बसली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ती खाल्ली.

"पाक, पुरावा खाल्लात तुम्ही," विगाती म्हणाली.

"तपासला." त्यांनी मिशी पुसली. "जे झालं ते सगळं लिही. तुझ्या चमच्यासकट लिही. लपवलंस तर ती लबाडी, आणि लिहिलंस तर तीच तुझी केस. मात्र कापुक हे आता खरं नाव झालं. प्रबंधात दुसरं घालावं लागेल."

हे ऐकून बू सारिंतेन मध्ये आल्या. "दुसरं नाव नको ग पोरी. आत्ता कुठे अंग धरलंय त्यानं."

विगातीच्या हातालाही आता नाव लिहायचा धीर होईना. तिनं नावाच्या जागी काहीच लिहिलं नाही. प्रत्येक वाक्यात तेवढी जागा कोरी सोडली.

"छपाईची चूक समजतील," कुंचोरो म्हणाले. "नापास करतील तुला."

"माझं नाव कटेल, पाक. त्यांचं तरी राहील."

तोंडी परीक्षेला दुसऱ्या बेटावरच्या मेदानहून परीक्षक म्हणून पाक हुतागालुंग आले. तिकडच्या बाताक जमातीचे धिप्पाड गृहस्थ, बोलणं रोखठोक, जावातली गुळमुळीत नम्रता त्यांना सोसत नसे. विगाती प्रबंधाचा सारांश वाचू लागली. कोरी जागा आली की ती गप्प राहायची, आणि मग पुढे जायची. "... हा कारखाना नवऱ्याच्या पश्चात बाईंनी चालवला. ... मध्ये माणसं कमी आणि ओळखी जास्त होत्या." त्या गप्प जागांमध्ये सभागृह जरासं जमिनीवरून सुटल्यासारखं वाटत होतं. कुंचोरोंना तिथे रबराचा वास आला, मग भिजलेल्या कापडाचा.

वाचन संपलं. हुतागालुंगांनी पुन्हा पहिलं पान उघडलं.

"प्रश्न विचारा ना, पाक," शेवटी डीनबाई म्हणाल्या.

"विचारायला तर विमानानं आलोय. एका कारखान्यावरून बाकी जगाचं काय कळणार, हा माझा प्रश्न. या पोरांना रडवतो मी त्यावर." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता कुणाला विचारू? ही वाचत होती आणि मी गावी सियांतारला बापाच्या टायरच्या दुकानात बसलो होतो. तुम्ही आमच्या दुकानाचं लिहिलंय."

"टायर कुठले?" डीनबाई पानं चाळू लागल्या. "हे माझ्या आत्याचं रंगाऱ्याचं दुकान आहे. सरळ दिसतंय."

"दिसत असेल तुम्हाला. या पानावर बाप माझा आहे."

एका केसमधून अनेकांचं कळतं हे कुंचोरो फळ्यावर बाण आणि चौकोन काढून शिकवत आले होते, आणि कुणाला पटलंय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी विगातीकडे पाहिलं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

"म्हणजे मंजूर?" तिनं विचारलं.

"मंजूर," हुतागालुंग म्हणाले. "पण दुरुस्ती सांगितल्याशिवाय मी सही करत नाही." त्यांनी प्रबंध जवळ ओढला आणि एका कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. "ही जागा जरा वाढवा. आमचं दुकान लांबट होतं."