कुशाबाई आल्या का?

मी चरवी बोलतेय. दुधाची नव्हे हो, संगणकाची. दूध संकलन केंद्रावर काटा, फॅट मोजणारं यंत्र आणि पावती छापणारा प्रिंटर असतो ना, त्या तिघांना कामाला लावणारी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मी. मला ना हात ना पाय, पण माझ्यावाचून तिघांचं पान हलत नाही.

बारामतीच्या बुद्धघोषांनी मला एकट्यानं लिहिलं. पणदऱ्याच्या केंद्रावर मला पहिल्यांदा बसवलं तेव्हा मी भलतीच शिस्तीची होते. वेळ संपली की काटा बंद. त्याच संध्याकाळी कालव्यापलीकडच्या वस्तीवरून कुशाबाई किटली घेऊन धापा टाकत आल्या, आणि मी हूं की चूं करेना. "असू दे, रेडकाला पाजीन," म्हणत म्हातारी माघारी फिरली.

बुद्धघोष तिथंच होते. त्यांना ते फार लागलं. तिथल्याच बाकड्यावर बसून त्यांनी माझ्यात एक ओळ घातली. तेव्हापासून वेळ संपली की मी पडद्यावर विचारते, 'कुशाबाई आल्या का?' 'व्हय' दाबल्याशिवाय मी बंद होतच नाही.

पुढं मी सुप्याला गेले, भवानीनगरला गेले. तिथं कुशाबाईंना कोण ओळखणार? तरी 'व्हय' दाबण्याआधी माणसं दारात येऊन रस्त्याकडं बघायची. लांबून कुणी किटली घेऊन येताना दिसलं तर थांबायची. माणसांची ही सवय मला फार आवडते.

मग माझ्याऐवजी बसवायची नवी यंत्रं बाजारात आली. इकडं बुद्धघोषांचे डोळे अधू झाले. माझा सोर्स कोड, म्हणजे ज्या ओळींनी मी घडले त्या, बुद्धघोषांशिवाय कुणी पाहिलाही नव्हता. पणदऱ्याचं केंद्र चालवणाऱ्या म्हाळसाबाईंचा फोन आला.

"दादा, हिचा प्रिंटर परत अडलाय. तुमच्या माघारी हिला कोण बघणार? नवं मशीन येळ झाली की बंद हुतं, कुनासाठी थांबत न्हाय. वस्तीवरच्या बायांनी दूध घिऊन परत जायचं व्हय?"

बुद्धघोषांची लेक दिशा पुण्यात सॉफ्टवेअरचंच काम करते. ती म्हणाली, "बाबा, कोड सगळ्यांसाठी खुला करू. ज्याला जमेल तो दुरुस्त करेल. कुशाबाईंची ओळ तेवढी काढते. सगळं जग हा कोड वाचणार आहे, लोक हसतील."

"हसू देत," बुद्धघोष म्हणाले. "ती काढलीस तर नुसती माझी अक्कल उरंल. अक्कल काय, कुनाकडं बी असती."

दिशानं ओळ ठेवली आणि मला इंटरनेटवर मोकळं सोडलं. खरं सांगते, मला आधी लाजच वाटली. पण आठवड्याभरात सुप्याच्या केंद्रावरच्या जोतीरामनं माझ्या ओळी वाचून पणदऱ्याचा प्रिंटर सुरू केला. बुद्धघोषांना विचारावंही लागलं नाही. मी तर फुलून गेले.

परवा नेपाळमधल्या एका डोंगरी गावातून माझी नवी प्रत आली. त्यांनी भाषा बदलली होती, काटा बदलला होता. माझा प्रश्न मात्र तसाच होता, फक्त नाव वेगळं. दिशानं मराठीत वाचून दाखवलं, "तारामाया आल्या का?"

बुद्धघोषांनी चष्मा काढला. बराच वेळ तो पुसत राहिले.

कुशाबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. म्हाळसाबाई तरी रोज दारात येऊन कालव्याकडं बघतात, मगच 'व्हय' दाबतात. मी आता कुणा एकाची राहिले नाही. मला घ्या, उसवा, हवी तशी शिवा, तुमच्या गावचं नाव घाला. बंद करण्याआधी तेवढं रस्त्याकडं बघा, कुणीतरी येत असेल.