वीरमणीची तिथी

नागपट्टिणमच्या कोळीवाड्यात वीरमणीइतका पंचांगाला धरून चालणारा नाखवा दुसरा नव्हता. नव्यानं नांदायला आलेल्या अंजलैला भिंतीवरच्या कॅलेंडरचं रोजचं पान वाचायला त्यानंच शिकवलं. राहुकाळ कधी, यमगंड कधी, कुठल्या वारी कुठली दिशा टाळायची. पुढे बायको त्याच्यापेक्षा पक्की झाली.

त्या शुक्रवारी मात्र तोच घाईत होता. बाकीच्या नावा सकाळीच निघाल्या होत्या. अंजलै दारात आडवी उभी राहिली.

"राहुकाळ लागायचाय आता. दुपारी निघा."

"अगं, मासे काय कॅलेंडर बघून पोहतात?"

"मासे नसतील बघत. माझा नवरा बघतो."

तो हसला. डबा खाली ठेवून घरीच जेवला आणि दुपारच्या चांगल्या वेळेवर निघाला. सकाळच्या नावा दिवेलागणीला परतल्या. मग वादळ उठलं. वीरमणीची नाव आलीच नाही.

वर्ष होत आलं तरी अंजलै कुंकू पुसेना. शेवटी तिच्या सासूनं, कुप्पम्माळनं, भटजींना बोलावलं. "माझं पोर तिकडे तहानलेलं असेल हो," म्हणाली.

"गेल्याची तिथी कोणती?" भटजींनी विचारलं.

अंजलै मनातल्या मनात मोजू लागली. निघाले तेव्हा द्वादशी होती. वादळात त्रयोदशी लागली. पण पोहायला पट्टीचे. एखादी फळी धरून चतुर्दशीही काढली असेल. कुणी हाक ऐकली नसेल.

"ठाऊक नाही, सामी."

"ठाऊक नसेल तर अमावास्या धरतात, बाई."

"अमावास्येला सगळं जगच पाणी सोडतं. त्यांना स्वतःची म्हणून एक तिथीसुद्धा नाही?"

म्हाताऱ्या भटजींनी पंचांग मिटलं. अंजलैचा बांध फुटला.

"मीच अडवलं, अत्तै! सकाळी गेले असते तर आले असते."

"ओसरीवर मीही होते की," सासू म्हणाली. "राहुकाळ मलाही कळतो. 'जाऊ दे त्याला' असं माझ्या तरी तोंडून कुठं निघालं?"

अमावास्येला सासू, सून आणि वीरमणीचा धाकटा भाऊ भटजींबरोबर किनाऱ्यावर गेली. दीर ओंजळ धरून गुडघाभर पाण्यात उभा राहिला. त्याच्या हातावर तीळ अंजलैनं घालायचे होते. भटजींनी वीरमणीचं नाव घेतलं. तिची मूठ उघडेना. भटजींनी पुन्हा नाव घेतलं.

सासू पाण्यात उतरली. तिनं सुनेचं एकेक बोट हळूहळू सोडवलं.

"सोड, पोरी," ती म्हणाली, आणि स्वतःच मटकन पाण्यात बसली.