मिटलेली भेग

मित्रांनो, मी एक जुनी काळी जमीन आहे. वय विचारू नका, ते मलाही ठाऊक नाही. पुसेगावच्या पलीकडे एक मुरमाड माळ आहे. त्या माळावर लमाणांचा तांडा आहे आणि माळाच्या पायथ्याशी, ओढ्याला लागून, मी पसरले आहे. जेमतेम तीन एकर. तांड्यातली माणसं मला 'चिबडी' म्हणतात. पावसाचं पाणी जिच्यात साचून राहतं आणि निघता निघत नाही, ती जमीन चिबड. नाव काही लाडाचं नाही, पण खोटंही नाही.

माझा जन्म दगडातून झाला. माळावरचा काळा दगड ऊन-पावसाने फुटत गेला, झिजत गेला, आणि त्याचा बारीक गाळ हजारो वर्षं वाहत खाली येऊन बसला. तीच मी. माझे कण इतके बारीक आहेत की जात्यावरचं पीठ त्यांच्यापुढे भरडाच वाटावं. एवढ्या बारीक कणांतून पाण्याला वाट मिळत नाही. उन्हाळ्यात मी वाळते, आवळते आणि मला जागोजागी भेगा पडतात. गुराख्याची काठी आख्खी आत जाईल एवढ्या खोल. मग पाऊस आला की त्याच भेगांनी मी घटाघटा पाणी पिते, फुगते, भेगा मिटतात आणि वाट बंद होते. त्यानंतरचं पाणी नुसतं माझ्या अंगावर उभं राहतं. अशा दिवसांत माझ्यातून चालणाऱ्याच्या चपला मी ठेवून घेते. कित्येकांनी मला शिव्या दिल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मला पाठ आहेत.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे घडलं ते माझ्या या स्वभावामुळेच घडलं.

तांड्यातल्या माणसांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. मुक्कामाला ते नेहमी माळावर उतरत. कितीही दमले असोत, काळीत त्यांनी कधी राहुटी ठोकली नाही. काळीत बैलाचे खूर रुततात, पाणी थांबतं, हे त्यांना बैलांनीच शिकवलं होतं. पुढे ते शेतकरी झाले, तरी घरं माळावर आणि पीक काळीत, ही रीत त्यांनी मोडली नाही.

हिरासिंगची नवरी होऊन रूपाबाई तांड्यात आली, तेव्हा मला खऱ्या अर्थाने माणूस मिळालं. ती पेरणीची घाई कधी करत नसे. मूठभर माती उचलायची, तिचा लाडू वळायची आणि अंगठ्याने दाबायची. लाडू चिकटून चपटा झाला तर म्हणायची, "अजून न्हाई." भुगा होऊन पडला की मगच औत जुंपू द्यायची. त्या नेमक्या ओलीला शेतकरी वाफसा म्हणतात. माझा वाफसा फार थोडे दिवस टिकतो, पण रूपाबाईच्या मुठीतून तो कधी सुटला नाही.

तिनेच माझ्या वरच्या अंगापासून ओढ्यापर्यंत एक चर खणला होता. दर उन्हाळ्यात ती तो चर उकरून साफ करायची. पावसाळ्यात जादा पाणी त्यातून ओढ्याला जायचं आणि माझा जीव मोकळा व्हायचा. मग मीही हात आखडता घेत नसे. पाऊस सरल्यावर नुसत्या पोटातल्या ओलीवर मी ज्वारी आणि हरभरा पिकवायची. श्रावणात तिजेचा सण आला की तांड्यातल्या पोरी टोपल्यांत माझीच माती भरून गहू पेरायच्या, कारण चिबडीतला गहू दाट उगवतो. त्या दिवसांत मला नावाचं काही वाटत नसे.

एकदा चैत्रात, १९९१ साली, रूपाबाई तुराट्या गोळा करत होती. लमाणांच्या बाया कानाजवळ केसांत चांदीची घुगरी गुंफतात. तिची एक घुगरी निसटली आणि थेट माझ्या भेगेत गेली. तिने हात घातला, काठी घातली. घुगरी काही लागली नाही. शेवटी ती कमरेवर हात ठेवून हसली.

"घेतलीस व्हय चिबडे? ठेव मग. पर माझ्या आईनं दिलेली हाय, सांभाळून ठेव."

मी सांभाळायचं ठरवलं.

मग १९९३ साल आलं. गणपती बुडाले त्याच रात्री, पहाटेच्या सुमारास, लातूरकडे मोठा भूकंप झाला. इकडे तांड्यात नुसती भांडी वाजली, पण रेडिओवर गावंच्या गावं पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि सगळी माणसं उघड्यावर झोपू लागली. हिरासिंगचं घर दगडमातीचं होतं, वर मातीचं जड धाबं. तो धास्तावला.

"या धाब्याखाली मरायचं न्हाई," तो म्हणाला. "खाली काळीत घर बांधू. काळी मऊ हाय, हादरा पिऊन घेती."

"काळीत कोणी घर करतं व्हय?" रूपाबाई म्हणाली. "आपली जुनी माणसं तिथं बैल बी बांधत नव्हती."

"त्यांच्या येळेला विटा नव्हत्या अन् पत्रे बी नव्हते."

मी मऊ आहे हे खरं. पण त्याला माझा मऊपणाच माहीत होता, ताकद माहीत नव्हती.

पुसेगावचे जलालुद्दीन मिस्त्री जागा बघायला आले. त्यांनी एक खड्डा खणून घेतला. माणूसभर खोल गेले तरी काळीच लागत होती. मिस्त्रींनी मला बोटांत चोळलं आणि मान हलवली.

"हिरासिंगभाऊ, ही जमीन उन्हाळ्यात आवळती अन् पावसाळ्यात फुगती. हिच्या पाठीवर घर ठेवू नका. मुरूम लागेस्तोवर खाली जाऊ. न्हाई तर माळावरच हलक्या छपराचं बराबर बांधून देतो."

"मिस्त्री, बायको-पोरगं महिना झाला उघड्यावर झोपून राहिले. थंडीच्या आत मला डोक्यावर पत्रे पाहिजेत. पाया कमरेइतका पुरे."

"मग मला न्हाई जमायचं. पुढं तुमालाच तकलीफ होईल," मिस्त्री म्हणाले. जाता जाता ते रूपाबाईजवळ थांबले. "भाभी, काही झालं तरी हा चर बुजू देऊ नका."

दुसरा गवंडी आला. कमरेइतका पाया घेतला, विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे आले. पण घरापुढे अंगण हवं होतं आणि चर नेमका तिथूनच जात होता. हिरासिंगने माझीच माती ओढून चर बुजवला. रूपाबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याच जागी सडा घातला. करणार काय बिचारी?

पहिल्याच उन्हाळ्यात दाराच्या कोपऱ्यातून भिंतीला भेग गेली. ज्वारीचा दाणा जाईल एवढी. पुढच्या उन्हाळ्यात त्यात करंगळी जाऊ लागली. रूपाबाई ती शेणमातीने भरून सारवायची. मग पाऊस यायचा, मी फुगायची आणि भेग मिटायची.

"बघ, मिटली!" हिरासिंग दरवर्षी म्हणायचा. "नवं घर जमिनीत बसून राहिलं. उगीच भीत होतीस."

खरं सांगते मित्रांनो, त्याच्या चेहऱ्यावरची काळजी गेलेली बघून मलाही बरं वाटायचं. आपल्या हातून चांगलं काम होतंय, असंच मी समजत होते. पण भेगेत माती भरलेली असायची. मी फुगले की मिटायला पुरती जागाच उरत नसे. मग भिंत दर पावसाळ्यात थोडी सरकायची, आणि सरकलेली परत जागेवर येत नसे. शिवाय बुजवलेल्या चरावरचा कोपरा सगळ्यात जास्त पाणी प्यायचा. पावसाळ्यात दार चौकटीत अडकू लागलं. खांदा लावल्याशिवाय उघडेना. हिरासिंग म्हणायचा, लाकूड फुगलं. लाकूड थोडंच फुगलं होतं, फुगत होते मी.

मधल्या काळात त्यांच्या मुलाचं, प्रेमदासचं लग्न झालं. त्याने माळावर हलक्या छपराचं घर बांधून वेगळी चूल मांडली. खाली दोघंच राहिली.

२००१ च्या श्रावणात झड लागली. घराभोवती घोटाभर पाणी उभं राहिलं. पोळ्याला पाच दिवस होते. रूपाबाई खोरं घेऊन अंगणात उभी राहिली.

"आवं, चर उकरू द्या. पाणी घराखाली मुरून राहिलं."

"भेग मिटली न्हवं?" हिरासिंग म्हणाला. "सणासुदीचं अंगण काहून उकरती? पोळा झाल्यावर बघू. मी सोता उकरून देतो."

तिने खोरं भिंतीला टेकवून ठेवलं. त्याने तो शब्द मनापासून दिला होता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पाऊस उघडला. लख्ख ऊन पडलं. खांदमळणीचा दिवस, म्हणून हिरासिंग लिंबाखाली बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळत होता. रूपाबाई घरात पुरणासाठी डाळ निवडत बसली होती. कोंबड्या आत येतात म्हणून तिने दार लोटून घेतलं होतं. ते घट्ट बसलं.

भिंतीतून विटा घासल्यासारखा आवाज आला. हिरासिंग ओरडला, "बाहेर ये! रूपा, बाहेर ये!"

ती दारापर्यंत आली. आतून तिने दार ओढलं, बाहेरून त्याने खांदा लावला. दार हललं नाही. चौकट दोन्ही बाजूंनी मीच दाबून धरली होती. मला ती सोडायची होती. इतकं मला आयुष्यात दुसरं काही करावंसं वाटलं नाही. पण पाणी प्यालेल्या जमिनीला मूठ सैल करता येत नाही, त्याला कितीतरी दिवसांचं ऊन लागतं. बुजवलेल्या चराकडची भिंत आत कोसळली आणि तिच्यामागून पत्रे आले.

तांडा धावत आला. विटा उचलल्या, पत्रे ओढले. रूपाबाई गेली होती. तिच्या मुठीत डाळ होती.

तिसऱ्या दिवशी जलालुद्दीन मिस्त्री आले. विटांच्या ढिगाजवळ उभे राहिले. मग हिरासिंगचा हात धरून म्हणाले, "मी त्या दिवशी निघून गेलो, भाऊ. इथंच हात जोडून बसायला पाहिजे होतं." हिरासिंग माळावर प्रेमदासकडे राहायला गेला. बैल विकले. "या काळीनं माझं माणूस खाल्लं," एवढंच तो म्हणायचा. कोणी मला पेरलं नाही. पाणी साचून माझ्यात लव्हाळा माजला, बांधावर बाभळी वाढल्या. तिजेच्या पोरी माती न्यायला दुसऱ्या वावरात जाऊ लागल्या.

अशी सात वर्षं गेली. २००८ च्या श्रावणात एक दहा वर्षांची पोरगी टोपली घेऊन माझ्यात उतरली. प्रेमदासची लेक, पूजा. मागून काठी टेकत हिरासिंग आला. पूजा आजोबांना दादा म्हणते.

"तिथली माती नको घेऊ," तो लांबूनच ओरडला.

"काहून दादा? सारी म्हातारी माणसं म्हणतात, चिबडीत गहू दाट येतो."

तिने मूठ भरली आणि ढेकूळ फोडलं. त्यातून एक काळी पडलेली गोल वस्तू तिच्या तळहातावर आली. तिने ती फ्रॉकला पुसली. आत चांदी होती.

मित्रांनो, मी नुसती पडून राहते असं लोकांना वाटतं. पण दर उन्हाळ्यात माझी वरची माती भेगांतून खाली पडते आणि दर पावसाळ्यात मी फुगून खालची माती वर ढकलते. अगदी सावकाश. ती घुगरी मी सतरा वर्षं वर आणत होते. सांभाळून ठेवली होती, पण जिची होती तिच्या हातात देता आली नाही.

हिरासिंग चिखल तुडवत जवळ आला. त्याने घुगरी मुठीत घेतली आणि तो रडला. रूपाबाई गेल्यापासून त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं.

"ही तुझ्या आजीची हाय," तो पूजाला म्हणाला. मग त्याने मूठभर माती उचलली, लाडू वळला आणि अंगठ्याने दाबला. लाडू चपटा झाला. "अजून न्हाई. हे असं बघायचं असतं. तुझी आजी अशीच बघायची. जा, घरून खोरं घेऊन ये."

माझ्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागवा. पण जमिनीवर काही उभं करण्याआधी तिचा स्वभाव विचारून घ्या, आणि तो ज्याला ठाऊक आहे त्याचं ऐका. आमची भेग मिटलेली दिसली की आतलं दुखणंही गेलं असं समजू नका. आणि पाण्याची वाट कधी बुजवू नका.

त्या म्हाताऱ्या माणसाने एकट्याने चर उकरला. साचलेलं पाणी हललं आणि ओढ्याकडे निघालं. चर उकरायला त्याला चार दिवस लागले. रूपाबाई खोरं घेऊन उभी राहिली होती, तेव्हाही भिंत पडेपर्यंत हातात चारच दिवस होते.