कंसातला एक

यादी उघडायच्या आधीच मला माहीत होतं की आमचं ऑर्लिन कॉलेज तळाला असणार. नऊ कॉलेजांत गेली चार वर्षं आम्ही नववेच आहोत. दर ऑगस्टात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, नऊही कोच गुप्त मतदान करतात. यंदा पहिलं कोण, शेवटचं कोण, ते सगळं त्यात लिहायचं. स्वतःच्या संघाला मत द्यायचं नाही, एवढाच काय तो नियम.

तळाला आम्ही होतोच. पण नावापुढे कंसात एक आकडा होता: १. म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी कोचने आम्हाला पहिला नंबर दिला होता.

माझ्या मनात पाल चुकचुकली.

खेळखात्याची कचेरी मी अडतीस वर्षं सांभाळतेय. शेजारीण दारात भोपळे ठेवून गेली तरी मी ते आधी उलटेपालटे करून बघते. आणि यंदा तर ताकही फुंकून प्यावं अशीच वेळ होती. वसंतात कॉलेजच्या मंडळाने बजावलं होतं, दोन सामने जिंका, नाहीतर फुटबॉल बंद. बासष्ट पोरं आणि आमचा कोच कर्ट ओबरमायर, सगळ्यांचं त्या दोन सामन्यांवर अडलेलं. जिंकायची आशा म्हणाल तर, आमच्या या अमेरिकी फुटबॉलात चेंडू हाताने फेकतात आणि तो फेकणाऱ्या जेव्हॉनचा हात चांगला आहे, दूर फेकतो, पण त्याला राखणारी पुढची फळी म्हणजे भुसभुशीत बांध. बाहेरचे पाच सामने, त्यातल्या चार कॉलेजांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या जल्लोषाचा दिवस नेमका आमच्याच सामन्याला ठेवलेला. जल्लोषाला खात्रीचा बकरा लागतो, तो आम्ही.

नियम काही म्हणो, माझा पहिला संशय कर्टवरच गेला.

"कोच, खरं सांग. तूच दिलंस ना ते मत?"

"आर्डिथ, मी नवखा असेन, पण खुळा नाही. कुणीतरी टिंगल करतंय आपली."

पोरांना मात्र टिंगलबिंगल काही वाटली नाही. त्यांनी यादी कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर चिकटवली आणि बाहेर पडताना जो तो उडी मारून त्या कंसावर हात मारायला लागला. मला ते बघवेना. कुणीतरी फेकलेल्या तुकड्यावर शेपूट हलवणं मला आवडत नाही.

त्याच गुरुवारी मैदानाच्या पूर्वेला, मक्याच्या कडेला एक हिरवी गाडी उभी दिसली. पाटीवर फेअरहोल्मच्या जिल्ह्याचा आकडा. आत टोपी कपाळावर ओढलेला एक म्हातारा वहीत काहीतरी लिहीत होता. मी दुर्बीण लावली. लाइल स्वोबोडा! फेअरहोल्म कॉलेजचा कोच, आणि आमचा पहिलाच सामना फेअरहोल्मशी.

या लाइलला मी ओळखून आहे. १९८७ साली तो आमच्याकडे पुढच्या फळीच्या पोरांना शिकवायचा. त्या एकाच वर्षी आम्ही पहिले आलो. मी तेव्हा नवीन लागले होते, दोन वेळा त्याला कॉफी करून द्यायचे. पुढच्याच वर्षी तो फेअरहोल्मला गेला आणि तिथे जिंकतच राहिला. मी त्याला कधी माफ केलं नाही.

डाव मला लख्ख दिसला. आधी मत देऊन पोरांच्या डोक्यात हवा भरायची, मग कुंपणाआड बसून आमचे डाव टिपायचे. कर्टला सांगितलं तर त्याचे डोळे चमकले.

"चोरून सराव बघितला तर सामना समोरच्याला देतात, नियमच आहे. आर्डिथ, एक विजय घरबसल्या!"

"आधी पुरावा गोळा करू."

कर्टने कुंपणावर ताडपत्र्या बांधल्या, हाताच्या सगळ्या खुणा बदलल्या. माझ्याकडे फोटो आणि तारखा. पुढचे तीन आठवडे, मंगळवार आणि गुरुवार, गाडी चुकली नाही. ताडपत्री आली तशी ती उंच बांधावर जाऊन उभी राहायला लागली. किती ही निर्लज्ज माणसं, असं मी घरी येऊन नवऱ्याला रोज ऐकवत होते. तक्रारीचा कागद टाइप करून झाला, कर्टची सही झाली. आता ते मतही लाइलचंच होतं एवढं कळलं की काम फत्ते. म्हणून मी मार्लिसला फोन लावला. मार्लिस म्हणजे फेअरहोल्मची आर्डिथ. पंचवीस वर्षं आम्ही फोनवर एकमेकींच्या कोचांच्या चहाड्या करतोय.

"मार्लिस, तुझ्या म्हाताऱ्याने आम्हाला पहिला नंबर दिला का गं?"

पलीकडे ती कागद चाळायला लागली. मार्लिस कधी उत्तराला वेळ लावत नाही.

"मतदान गुप्त असतं," ती म्हणाली.

"मागच्या वर्षी सगळी यादी वाचून दाखवलीस की! काय लपवतेयस?"

"तू कुणाला बोलणार नाहीस?"

"आधी वाच."

ती वाचायला लागली. पहिलं ऑर्लिन, दुसरं हे, तिसरं ते. चौथ्या नावाला मला तो क्रम ओळखीचा वाटला. पाचवं तिच्याआधी मीच म्हटलं. सहावं, सातवं, आठवंही. बघायची गरजच नव्हती तरी मी समोरच्या भिंतीकडे बघितलं. १९८७ च्या हंगामाचा अंतिम तक्ता, कोण कितवं आलं तो, तिथे काचेत लावलेला आहे. तोच क्रम. नववं फेअरहोल्म, स्वतःचं कॉलेज मतपत्रिकेवर नसतं म्हणून तेवढं फक्त तिच्या यादीत नव्हतं.

"त्याने एका झटक्यात लिहिलं," मार्लिस म्हणाली. "मी बघितलं. कोचचं मत मी कसं बदलू? वर्षभर त्याचं विसरणं सांभाळतेय गं. पोरांची नावं त्याच्या तळहातावर लिहून देते. डाव त्याचे मदतनीसच ठरवतात."

"आणि मंगळवार-गुरुवारी?"

"दुपारी टोपी घालतो, म्हणतो सरावाला जातो. आर्डिथ, आमचा सराव माझ्या खिडकीखाली चालू असतो." ती रडायला लागली होती. "त्याच्या लेकीला कळवलंय. रविवारी येतेय ती."

फोन ठेवला. मला स्वतःची लाज वाटली. तीन आठवडे मी एका माणसाचे फोटो काढत होते, आणि तो बिचारा कामावर येत होता.

कर्टला सगळं सांगितलं. त्याने तक्रारीचा कागद उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

"कोण आणि का ते नियमात लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "बघितलं, तर बघितलं. एक विजय, आर्डिथ. बासष्ट पोरं आहेत माझी."

"पाठवायचं तर पाठव. मी काय सांगणार?"

कागद खिशात घालून तो निघून गेला. पाठवणार, अशी माझी खात्री होती. तशी मी कुणाबद्दलही वाईटाचीच खात्री आधी धरते.

गुरुवारी दुपारी बघते तर पोरं ताडपत्र्या सोडतायत. म्हटलं, झालं, मोठा फोटोवाला बोलावला असणार, म्हातारा नीट दिसायला हवा. मी तरातरा मैदानात गेले. कर्ट बांधाच्या दिशेने चालला होता, आणि त्याच्या काखेत एक घडीची खुर्ची होती.

त्याने लाइलला हाताला धरून आणलं आणि पुढच्या फळीच्या पोरांसमोर बसवलं. लाइलने तक्रार केली नाही, त्याला आश्चर्यही वाटलं नाही. दोन मिनिटं बघितलं आणि ओरडला, "ए उजव्या टोकाच्या! लग्नात उभा आहेस का? बूड खाली! आधी आतला पाय टाक, मग हात!"

त्या पोराने कर्टकडे बघितलं. कर्ट म्हणाला, "कोच सांगतायत तसं कर."

पोराने आतला पाय आधी टाकला. समोरचा पोरगा, त्याच्याहून वीस किलो जड, मागे जाऊन गवतात बसला. कुणीतरी शिट्टी मारली. जेव्हॉन मागे उभा होता, या महिन्यात पहिल्यांदाच त्याला कुणी लोळवलं नव्हतं.

मी कॉफी घेऊन गेले. लाइलच्या मांडीवर वही उघडी होती, पानभर आमच्या सत्त्याऐंशीच्या पोरांची नावं. घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं.

"आर्डिथ, अजून पातळच करतेस."

"हो, कोच."

"काळजी करू नकोस. यंदा आपण पहिले येणार. मी तसं लिहून दिलंय."

"कळलं, कोच. यादी आलीय." गाडीची किल्ली मी त्याच्याकडून आधीच मागून घेतली होती. संध्याकाळी मार्लिस न्यायला येणार होती.

तो पोरांकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "पहिला सामना कुणाशी गं?"

कर्टने मान खाली घातली. मी सांगितलं, "फेअरहोल्मशी."

"हात्तिच्या!" लाइल हसला. "त्यांना तर आपण झोपेतही हरवू."