अंगठ्यावरची शाई

"पोट दुखतंय, मावशी," म्हणत वकील माझ्या पाण्याच्या पिंपाशेजारी पायरीवर येऊन बसली.

"दुखणारच. आत गणित चाललंय ना?"

एरवी या पोरीनं माझा शब्द खाली पडू दिला नसता. तिसरीतली एवढीशी मुलगी, पण बोलायला लागली की बाईंनाही गप्प करायची, म्हणून सगळी शाळा तिला वकील म्हणायची. त्या दिवशी मात्र ती गुडघे पोटाशी घेऊन नुसती बसून राहिली. मी आपली पेले विसळत होते. मग तिला उलटी झाली. मी कुरकुरत फडकं आणलं, खाली वाकले आणि तशीच राहिले. उलटीत जंत होता. चांगला वीतभर, पांढुरका, वळवळणारा.

बावीस वर्षं मी या शाळेत शिपाई आहे. संडास धुते, पाणी भरते, घंटा देते. पोरांचे जंत मला नवे नाहीत, पण तोंडावाटे पडलेला मी कधी पाहिला नव्हता. तिच्या पोटाला हात लावला तर ते फुगून लाकडासारखं घट्ट झालेलं. मी बाईंना दारातूनच सांगितलं, रिक्षा थांबवली आणि तिला मांडीवर घेऊन निघाले.

वाटेत ती एकदाच बोलली. "मावशी, पिंपाचं झाकण उघडंच राहिलं."

"राहू दे गं बाई."

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट तपासलं, फोटो काढला. आतड्यात जंतांचा गोळा अडकला होता. लगेच ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "शाळेत जंताच्या गोळ्या देत नाहीत का?"

"देतो की. दर सहा महिन्यांनी. हिनंही घेतलीय. मीच शाई लावली."

या शाईचं सांगायला हवं. गोळ्यांच्या दिवशी दोनशे पोरांची रांग लागते. नर्सबाईंनी गोळी हातावर ठेवायची, पोरानं ती समोर उभं राहून चावून खायची आणि मग मी त्याच्या अंगठ्याला शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई लावायची. शाई दिसली की पोटात गोळी गेली, असा हिशेब. पण पोरं चघळत बसतात, तोंडं वाकडी करतात, पाणी मागतात. मधली सुट्टी झाली तरी रांग हलत नाही. तेव्हा माझ्याच डोक्यातून निघालं की आधी शाई लावू, मग गोळी देऊ. अंगठा रंगवायचा, गोळी घ्यायची आणि वर्गाकडे जाता जाता खायची. रांग अशी भराभर सरकली की मोठे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "डोकं असावं तर मावशींसारखं." मला काय आनंद झाला होता! घरी जाऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं. पुढे तीच पद्धत पडली.

वकिलाची आई कामावरून धापा टाकत आली. कडेवर धाकटी होती, पाच वर्षांची. डॉक्टरांनी आईलाही तेच विचारलं, "मुलीनं गोळी घेतली होती ना?"

"घेतली असणार. अंगठ्याला शाई असायची."

तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई नाही खायची. मला आणून द्यायची."

"तुला?" मी विचारलं.

"माझं पोट दुखायचं ना. ताई म्हणाली, तू शाळेत नाहीस, तुला कोण देणार?"

आई माझ्याकडे वळली. "मावशी, शाई तर दोघींच्या अंगठ्याला दिसायची. ही हट्ट करायची, मला पण पाहिजे. मग मोठी आपल्या अंगठ्याला थुंकी लावून हिच्या अंगठ्यावर दाबायची. मला वाटायचं, खेळतायत."

नवी पद्धत पडल्यापासून गोळ्यांच्या तीन खेपा झाल्या होत्या. तिन्ही वेळा मी त्या पोरीचा अंगठा हातात धरला होता आणि तोंडाकडे पाहिलं नव्हतं. आधी शाई लावायची अक्कल माझी, हे मी आईला तिथंच सांगितलं. तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. ती धाकटीला सावरत डॉक्टरांमागे गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी वकील गेली.

मी मोठ्या सरांकडे गेले. म्हटलं, "सर, चूक माझी आहे."

"तुमची कसली, मावशी? आपण गोळी दिली होती."

"दिली होती, खाल्ली नव्हती. आणि खाल्ली असती तरी पुन्हा जंत होणारच ना? संडासाचा नळ चार वर्षं कोरडा आहे. पोरं भिंतीमागे बसतात, त्याच मातीत खेळतात, त्याच हातांनी डबा खातात."

सर माणूस वाईट नाही. त्यांनी कपाटातून अर्जांच्या नकला काढून माझ्यापुढे ठेवल्या. "दर वर्षी वर कळवतोय. आणखी काय करू, तुम्हीच सांगा."

आता मी रोज घरून येताना संडासाला आणि हात धुवायला पाण्याच्या दोन बादल्या जास्तीच्या आणते. मधल्या सुट्टीआधीच त्या संपतात.

परवा पुन्हा गोळ्यांचा दिवस आला. धाकटी आता पहिलीत आहे. मी नर्सबाईंना बजावून ठेवलं होतं, आधी गोळी, मग शाई. प्रत्येकाचं तोंड उघडून बघत होते. रांग व्हरांडाभर तुंबली.

"मावशी, जरा हात चालवा," सर म्हणाले.

"चालवणार नाही, सर."

ते आत गेले.

धाकटीचा नंबर आला. मघाशीच मी तिला भिंतीमागून येताना पाहिलं होतं, अनवाणी, आणि तेव्हा बादलीत थेंब नव्हता. तिनं गोळी चावली, गिळली आणि मी सांगायच्या आत मोठा आ करून जीभ वर केली. आत काही नव्हतं. मी तिचा अंगठा धरून शाई लावली. ती दोन पावलं पुढे जाऊन थांबली. अंगठ्याला थुंकी लावली आणि तो दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर दाबून धरला. मग शाई नीट उमटली का ते उजेडात बघितलं आणि वर्गात गेली.