दुसरी वाचक

२०२२ सालची गोष्ट. हे गेल्यानंतर नंदनवन वस्तीतल्या घरात मी एकटीच राहत होते. वरची खोली पारशिवनीच्या दीप्तीला भाड्याने दिली होती. ती ऑफिसचं काम घरूनच करायची आणि संध्याकाळी चहाला खाली यायची. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस.

तिच्या कामाच्या गोष्टी ऐकताना मला माझं सरकारी संगणक केंद्र आठवायचं. तिथे माझा जन्म प्रोग्राम लिहिण्यात गेला. आता कितीतरी कॉम्प्युटर नेटवर्कवरून एकाच साठ्यातल्या फायली वापरतात. त्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याची नियमावली दीप्तीचा गट ठरवायचा. त्या नियमावलीत ‘क्लायंट’ म्हणजे कुठे अख्खं मशीन होतं, तर कुठे मशीनवरचा एकच प्रोग्राम. त्यामुळे एक प्रोग्राम काम आटोपून निघाला, की काही साठे त्या मशीनवरच्या सगळ्याच प्रोग्रामांनी फायलींना लावलेली कुलपं उघडायचे. मग भलताच कोणी फायलीत शिरून लिहिलेलं पुसायचा. दीप्तीने मशीन आणि प्रोग्राम यांना वेगवेगळी नावं सुचवणारा मसुदा लिहिला.

पण गटाची रीत अशी, की दोघांनी पूर्ण वाचून तसं सगळ्यांना जाणाऱ्या मेलवर लिहिल्याशिवाय मसुदा पुढे जात नाही. गटप्रमुख सुमंत यांनी वाचला. दुसरं कोणी मिळेना.

“काकू, तुम्हीच लिहा ना. बाहेरचं कोणीही चालते.”

“मले आधी वाचू तर दे.”

“वाचून काय करता? दोन ओळी टाका, झालं!”

“काहून वं, परीक्षेत कॉपी पुरवाले बसवते काय मले?”

ती हसली. “हे पास झालं ना काकू, तर पुण्याच्या टीममध्ये घेतात मले.”

चहाचे कप मी जरा जास्तच वेळ विसळत राहिले.

मसुदा मी शेवटपर्यंत वाचला. काम सुरेख होतं. पण वीज जाऊन मशीन पुन्हा सुरू झालं, तर त्यावरचा प्रोग्राम जुनाच समजायचा की नवा? त्याने आधी लावलेली कुलपं कोणाची? हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आमच्या केंद्रात वीज गेली की याच प्रश्नावर आम्ही भांडायचो. मी तसं मेलवर लिहिलं. मसुदा दुरुस्तीसाठी परत आला.

दीप्ती उंबऱ्यातच उभी राहिली.

“आधी मले सांगता नाही आलं? साऱ्यांसमोर लिहिलं?”

“वाचणाऱ्यानं तिथंच लिहाचं असते ना, बाई.”

“मी पुण्याले जाऊ नये म्हणून लिहिलं तुम्ही.”

नाही, असं मी म्हणाले. ती जाऊ नये असं मला वाटत होतं, हेही खरंच होतं. दोन्ही गोष्टी तिला एकदम कशा पटवायच्या, ते मला सुचलं नाही. त्यानंतर ती खाली आली नाही. जिन्यावरून चपला वाजत जायच्या तेवढ्याच.

दुरुस्त मसुदा दिवाळीनंतर मंजूर झाला. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिने त्यात नेमकं आणि स्वच्छ लिहिलं होतं. पुण्याला जाताना खोलीची किल्ली तिने शेजारी दिली.

सुमंत आता निवृत्त झाले. त्यांच्या जागी दीप्ती आली. मसुदा शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ती कोणाला होकार लिहू देत नाही, असं ऐकते. वरची खोली मी पुन्हा भाड्याने दिली नाही. गटाचे मेल अजून मला येतात. कधीमधी त्याखाली तिचं नाव असतं. मी ते पूर्ण वाचते.