पडद्याआडची राखण

“नाव सांगायचं, दुखणं सांगायचं. अंगठा मात्र कुठल्याच कागदावर द्यायचा न्हाई!” नर्मदाबाईनं रांगेतल्या बायांना दम भरला.

मिशनच्या दवाखान्याची गाडी महिन्यातून एकदा देवगाव फाट्याजवळच्या या गावात यायची. समाजमंदिरात पडदा बांधून बाया तपासायच्या. नंबर पुकारायचा, पडदा धरायचा, शहरातल्या डॉक्टरीणबाईंना गावची बोली समजावून द्यायची, ही नर्मदाबाईची बिनपगारी चाकरी. गाव म्हणायचं, म्हातारी पुण्य कमवायलीय.

कसलं आलंय पुण्य! तिचा त्या गाडीवर काडीचा भरवसा नव्हता. फुकट तपासायचं, फुकट गोळ्या द्यायच्या आणि वर गोड बोलायचं. एवढी माया तर सख्खी बहीणही लावत नाही. तेविसाव्या वर्षी असाच एक गोडबोल्या डॉक्टर तिला भेटला होता. “पिशवी खराब झालीय, उद्या कॅन्सर होईल,” म्हणाला आणि तिचं गर्भाशय काढून मोकळा झाला. पदरात एकटा लेक हरिओम, पुढं पाळणा हललाच नाही. इथं कुणा पोरीला ‘पिशवी काढ’ म्हटलं, तर मध्ये पडायला आपण असावं, एवढ्यासाठी ती आठ महिने डोळ्यांत तेल घालून पडद्याआड उभी होती. चोर काही सापडत नव्हता.

आज तेराव्या नंबरला तिची सूनच आली. निकिता, चोवीस वर्षांची, एका मुलीची आई. चार महिने अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरते, ओटीपोटात कळा येतात. सगळं लाजून अंगावर काढलेलं. पिशवी काढली तेव्हा नर्मदाबाईचं हेच दुखणं होतं, वयही जवळपास हेच.

तपासणी होईस्तोवर तिनं पदर खोचला.

“आता पिशवी काढा म्हणताव, व्हय ना? माझ्या सुनंला हात लावू देणार न्हाई, सांगून ठेवते!”

“पिशवी कशाला?” डॉक्टरीणबाई चकित झाल्या. “साधा जंतुसंसर्ग आहे, मावशी. दोघं नवराबायको चौदा दिवस गोळ्या घेऊ देत. एवढ्यासाठी कुणी पिशवी काढतं का?”

“आन् कॅन्सर?”

“तसं काही दिसत नाही. तरी एक तपासणी करून घेऊ, म्हणजे मनात शंका नको.”

“आत्याबाई, निस्त्या गोळ्याच!” निकिताचा चेहरा खुलला.

नर्मदाबाईला मात्र हसू येईना. जन्मभर तिनं त्या डॉक्टराला शिव्या घातल्या, पण आत कुठंतरी एक आधार धरून ठेवला होता. असंलही कॅन्सर, वाचला असंल आपला जीव.

“बाई, तीस वर्सांखाली बी ह्या गोळ्या व्हत्या का?”

“होत्या की. जुनंच औषध आहे. का हो?”

“काय न्हाई.”

तिनं पडद्याबाहेर येऊन चौदावा नंबर पुकारला. एक कोवळी पोर पुढं आली.

“मावशी, लय भ्या वाटायलंय. चला ना आत माझ्यासंगं.”

“जा गं. खरं बोलणारी बाई हाय ती.”

पोर आत गेली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच नर्मदाबाई पडद्याबाहेर भिंतीला टेकून बसली.